चिरोडीची भिंत व तिचें भोंक

मनुष्यानें भिंत उभारली, त्याच दिवशीं तिची डागडुजीही त्याच्या कपाळीं आली. अमेरिकेंतील घरांच्या भिंतींचा गेल्या सवाशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकांत तेथें आंतल्या भिंती लांकडी पट्ट्यांवर गिलावा थापून करीत. एकावर एक तीन थर चढवावयाचे व प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावयाची. यांत कित्येक आठवडे जात. १८९४ सालीं ऑगस्टीन सॅकेट यानें कागदाच्या पदरांमध्यें प्लास्टर घालून केलेल्या तक्त्याचें पेटंट मिळविलें. १९०९ सालीं त्याची कंपनी युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनें विकत घेतली, आणि १९१७ पासून ‘शीटरॉक’ या नांवानें तसले तक्ते बाजारांत आले. तरीही हलका माल म्हणून लोक नाक मुरडीत. पुढें दुसऱ्या महायुद्धांत मजुरांची टंचाई पडली, युद्धानंतर लक्षावधि घरांची निकड भासली, आणि गिलाव्याची जागा या तक्त्यानें घेतली. कुशल गिलावेकऱ्यांचें काम मात्र त्यामुळें घटलें.

तक्त्याचा गाभा चिरोडीचा. चिरोडीच्या वजनाचा सुमारें एकपंचमांश भाग पाण्याचा असतो. आग लागली असतां तें पाणी वाफ होऊन जाईपर्यंत उष्णतेस पलीकडे जाण्यास विलंब लागतो. म्हणून भिंतीचें भोंक ही केवळ कुरूपता नव्हे. तें तटास पडलेलें खिंडार होय.

खिळ्याचें छिद्र लांबी भरून बुजतें. परंतु लांबी वाळतांना आकसते, म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. मुठीएवढें भोंक नुसत्या लांबीनें भरत नाहीं. तें चौकोनी कापून, आंतून लांकडी पट्टी स्क्रूनें आवळून, तिच्यावर तक्त्याचा तेवढाच तुकडा बसवितात. सांध्यांवर कागदी फीत चिकटवितात आणि लांबीचे तीन हात देतात. प्रत्येक हात आधींच्यापेक्षां रुंद व कडेला पातळ असावा लागतो; नाहींतर तिरप्या उजेडांत फुगवटा दिसतो. भोंक ओलीमुळें पडलें असेल, तर आधीं गळती थांबविली पाहिजे. त्यावांचून सारे श्रम फुकट.

जे तीन थर व जी प्रतीक्षा टाळण्याकरितां हा तक्ता पुढें आला, तींच तळहाताएवढ्या जागेपुरतीं अशा रीतीनें परत आलीं. फरक इतकाच कीं, कारागिराची थापी आतां गृहस्थाच्या हातीं आली, आणि तिच्याबरोबर कारागिराचा धीरही त्यास शिकावा लागला.