तिरप्या धाग्याचे कूळ

स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील पुरुष कमरेस किल्ट नेसतो तेव्हा त्या वस्त्राचा घेर गुडघ्याशी संपतो आणि गुडघ्याच्या किंचित खाली लोकरी मोजा सुरू होतो. त्या मोज्याच्या दुमडलेल्या काठाआड जो अरुंद बंद आवळलेला असतो, त्याची केवळ दोन टोके बाहेरच्या बाजूस लोंबताना दिसतात. या मोजेबंदाला शोभेची वस्तू समजण्याचा प्रघात आज पडला आहे. त्याचे कूळ मात्र शोभेचे नाही, निकडीचे आहे, आणि ते समजून घ्यावयाचे तर आरंभ मोज्यापासूनच केला पाहिजे.

डोंगरी माणसाचा जुना मोजा सुयांवर विणलेला नसे. मागावर विणलेल्या चौकडीच्या लोकरी कापडातून तो बेतीत आणि पोटरीमागे शिवण घालून पायास बसवीत. ताणा आणि बाणा या दोन्ही दिशांना कापड फारसे लवचीक नसते, परंतु तेच कर्णरेषेत ओढले असता बरेच ताणले जाते. हे मर्म ओळखून कारागीर मोजा नेहमी तिरपा बेतीत, आणि त्यामुळे कापडावरील सरळ चौकडी पायावर शंकरपाळ्याच्या आकाराने दिसू लागे. पुढे सुयांवरच्या विणकामाने मोज्याचा प्रांत काबीज केला तेव्हादेखील विणणाऱ्यांनी ती तिरपी चौकडी मुद्दाम उतरवून ठेवली, हा मला हस्तकलेच्या स्मरणशक्तीचा फार सुंदर पुरावा वाटतो. मात्र तिरप्या बेतणीने मोजा पोटरीवर नीट बसला, तरी तो वर टिकून राहीना. चालताना तो घसरे, आणि म्हणूनच बंद हवा होता.

हा बंद गेलिक भाषेत ‘गार्तन’ या नावाने ओळखला जाई, आणि तो लहानशा मागावर घरोघरी विणला जाई. गुडघ्याची वाटी संपते आणि पोटरीचा फुगवटा सुरू व्हावयाचा असतो त्या दोहोंमधील चिंचोळ्या जागी तो दोनदा गुंडाळून विशिष्ट गाठीने आवळीत. खालचा पोटरीचा फुगवटाच तेथे त्याला आधार देतो, म्हणून फार करकचून बांधण्याचे कारण पडत नाही.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या मैदानावर, ज्याच्या बाजूने अनेक डोंगरी लोक लढले त्या स्ट्यूअर्ट घराण्याच्या पक्षाचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या सरकारने डोंगरी वेषास मनाई करणारा कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून अंमलात आलेल्या या मनाईत किल्ट, प्लेड हे अंगावर घ्यावयाचे लोकरी वस्त्र आणि त्या वेषाचा विशेष असा कोणताही भाग येत होता. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांची कैद आणि दुसऱ्यास सात वर्षांची समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. १७८२ साली हा कायदा रद्दबातल होईपर्यंत डोंगरी पुरुषांपैकी केवळ सरकारी फौजेत दाखल झालेल्यांनाच आपला वेष अंगावर घालण्याची मुभा राहिली, आणि त्यामुळे जी वस्तू घरच्या मागावर जन्मली होती ती पलटणीच्या कोठारातून, लाल लोकरी फितीच्या रूपाने, सरंजामाबरोबर मिळू लागली. याच डोंगरी पलटणींपैकी ७४ वी आणि ७८ वी या दोन १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांसमोर उभ्या होत्या.

मोजेबंदाचे खरे स्थित्यंतर रबराने घडविले. गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याच्या विद्येचे हक्क १८४४ साली इंग्लंडात हॅनकॉक आणि अमेरिकेत गुडइयर यांनी मिळविले, आणि ताणता येणारी पट्टी कालांतराने सर्वत्र सुलभ झाली. मोजा धरण्याचे काम त्या पट्टीकडे गेले. जुन्या बंदाची टोके तेवढी फितीचे तुकडे होऊन तिला शिवली गेली. सोय झाली हे खरे, परंतु जी टोके गाठीतून जन्मत होती ती गाठीवाचून लोंबू लागली, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच लोकरीच्या धाग्यांची वेणी घालून घरी बंद तयार करणारे लोक मला या कुळाचे खरे वारस वाटतात. वेणीची विद्या युरोपात जुनी आहे. ब्रिटिश ग्रंथालयाच्या हार्ली संग्रहात पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित असून, बोटांत धाग्याचे फास अडकवून वेणी घालताना कोणत्या बोटावरचा फास कोणत्या बोटाने उचलावा याच्या सूचना त्यात क्रमवार दिल्या आहेत. शिगम्यात गोफ विणणारे गोमंतकातील नर्तक रंगीत पट्ट्या धरून एकमेकांना ओलांडतात तेव्हा जे घडते तेच येथे बोटांमध्ये घडते. वेणीतील प्रत्येक पेड लांबीला तिरपा धावतो. तिरप्या बेतलेल्या मोज्याचा गुण तिच्या अंगी अशा रीतीने आपोआप येतो, आणि मागावरच्या फितीत नसलेली लवचिकता रबरावाचून मिळते. ओढली की ती अरुंद होऊन पायाला धरते, सोडली की मोकळी होते.

त्यासाठी सूत नको, लोकरच हवी. लोकरीच्या तंतूवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि गाठ सुटत नाही. चौपेडी गोल वेणी मांसात रुतते, त्यापेक्षा पाचपेडी चपटी वेणी बरी. दोन वेढे, गाठ आणि टोके मिळून सव्वा ते दीड मीटर लांबी लागते. वेणी घालताना लांबी आटते, म्हणून प्रत्येक पेड त्या लांबीच्या दीडपट घ्यावा. धाग्यांचे एक टोक खुंटीला बांधून ताण सारखा ठेवला की काठ वेडेवाकडे होत नाहीत. पहिल्या एकदोन धुण्यांत लोकर आणखी थोडी आळते. तोवर टोके न कापता नुसती बांधून ठेवावी आणि गोंडे मागाहून करावेत.