रेनियर पर्वत
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड रांगेचे सर्वोच्च शिखर (उंची ४,३९२ मी.) व जागृत ज्वालामुखी. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे याच्या उतारांवर चढताना थंड होतात. त्यामुळे दक्षिण उतारावरील पॅराडाइस येथे (सु. १,६५० मी.) १९७१-७२ च्या हंगामात सुमारे २८.५ मी. हिमवृष्टी नोंदली गेली. एवढ्या बर्फामुळे नद्यांना शाश्वत पाणी मिळते, असे सहज मानले जाते. पण निर्णायक ठरते ती हिमवृष्टीच्या बेरजेपेक्षा गोठणपातळीची (जिच्या वर तापमान गोठणबिंदूखाली असते त्या पातळीची) उंची. नोव्हेंबर २००६ मध्ये उबदार वादळात ती पातळी वर सरकली, बर्फाऐवजी पाऊस कोसळला व निस्क्वाली नदीच्या पुराने रस्ते उखडले. पर्वतावरील राष्ट्रीय उद्यान सुमारे सहा महिने बंद राहिले. बर्फाऐवजी पाऊस पडल्याने हिमसाठ्यात येणारी उणीव हिमनद्या भरून काढतात, हा आक्षेप अंशतः खरा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस निस्क्वाली, प्युअलप, व्हाइट व काउलिट्झ नद्यांना त्यांचाच आधार असतो. मात्र हे साठवलेले भांडवल आहे, आणि ते आटत चालले आहे. शिवाय मागे हटणाऱ्या हिमनद्या सैल गाळ उघडा टाकतात, तो नदीपात्रे उथळ करतो. वरीलपैकी काउलिट्झ कोलंबिया नदीस मिळते; उर्वरित नद्यांचे पाणी प्यूजेट साउंड या सागरी खाडीत जाते.