त्या चार दिवसांत पळायचं का?

आजचा विषय कुजबुजत बोलायचा असं पुष्कळांना वाटतं. आम्ही मोठ्यानेच बोलणार आहोत, मागच्या रांगेतल्या आजींनाही ऐकू जाईल एवढ्या.

हिंगोलीत पहाटे साडेपाचला औंढ्याच्या रस्त्याला निघालं की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळताना दिसतात. 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, एवढं त्यांना पार करायचं असतं. हे गाव तसं कवायतीचंच. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या कंटिन्जंट फौजेची इथे छावणी होती, आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे. फक्त त्या कवायतीत मुली नव्हत्या, त्या आत्ता आल्या. मागे आम्ही आलो होतो तेव्हा त्यातली एक जण कट्ट्यावर पोट दाबून बसलेली होती. म्हणाली, "मॅडम, त्या चार दिवसांत पळायचं का नाही? आई म्हणते पळू नको, सर म्हणतात पळ. आन् ग्राउंडची तारीख काय आपल्याला विचारून येते का?"

तिला काय सांगितलं ते शेवटी. पण तिचा प्रश्न निदान दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याची उत्तरं देणाऱ्यांत पाळी न येणारेच जास्त होते.

1873 साली अमेरिकेत एडवर्ड क्लार्क नावाच्या हार्वर्डच्या डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं. म्हणणं असं, की मुलींनी पाळीच्या काळात मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे जाते आणि गर्भाशय बिघडतं. म्हणून विश्रांती. पुस्तक धडाधड खपलं. त्याला उत्तर दिलं डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी, आणि ते कसं दिलं हे बघण्यासारखं आहे. त्यांनी बायकांना विचारलं. एवढंच. हजार प्रश्नपत्रिका पाठवल्या, 268 उत्तरं आली: दुखतं का, किती, शाळेत असताना व्यायाम होता का, चालणं किती व्हायचं. यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या बायकांना काहीच त्रास नव्हता, आणि ज्यांचं मुलीपणी हिंडणं-फिरणं जास्त त्यांचं दुखणं कमी, असं निघालं. या निबंधाला 1876 मध्ये हार्वर्डचंच बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. निबंध निनावी द्यायचा होता हे बरंच झालं म्हणायचं! जेकोबीबाई फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1864 मध्ये डॉक्टर झाल्या, तिथेच 1883 साली आपल्या आनंदीबाई जोशी पोचल्या.

पुढे व्यायामाचे नुस्खे आले. स्टॅनफर्डच्या डॉ. क्लेलिया मोशर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना एक साधी गोष्ट शिकवली: कपडे सैल करा, उताणं झोपा, गुडघे दुमडा, पोटावर हात ठेवा आणि श्वासाबरोबर पोट वर-खाली होऊ द्या. घट्ट कमरपट्ट्यांवर त्यांचा भारी राग. आपल्या परकराच्या नाडीचे वळ त्यांनी पाहिले असते तर काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे. 1943 मध्ये हार्वी बिलिग यांनी भिंतीला कोपर टेकवून कंबर भिंतीकडे ढकलायचा ताण सांगितला. उभं राहण्याची ढब चुकते म्हणून दुखतं, हा त्यांचा सिद्धांत.

आपल्याकडे याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते. (हे सातारा जिल्ह्यातलं औंध बरं का, आपलं औंढा नागनाथ नव्हे.) 1938 मध्ये त्यांचं पुस्तक लंडनहून इंग्रजीत निघालं. बायकांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या मानाने ही मोठीच गोष्ट.

पण या सगळ्या उपदेशात एक खोच आहे, आणि ती आम्हाला खटकते. "व्यायाम कर" याच्या आत "तू आळशी आहेस म्हणून दुखतं" हे लपलेलं होतं. चूक मुलीची: तिचं बसणं, तिचं उभं राहणं, तिचे लाड. दुखण्याचं खरं कारण प्रयोगशाळेत सापडायला सुरुवात झाली ती 1957 पासून. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये पिकल्स यांना पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारं द्रव्य सापडलं. त्याच जातीच्या द्रव्यांना आज प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ती वाढली की गर्भाशय जोराने आवळतं, त्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि कळ येते. म्हणजे दुखणं मनाचं नाही, नखऱ्याचं तर नाहीच.

मग व्यायामाने फरक पडतो का? 2019 साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातले 12 प्रयोग, 854 स्त्रिया, एकत्र करून पाहिलं. आठवड्यातून निदान तीन वेळा, दर वेळी 45 ते 60 मिनिटं व्यायाम केला तर 100 च्या मोजपट्टीवर दुखणं सुमारे 25 ने उतरतं. पुरावा अजून कच्चा आहे हेही त्यांनीच लिहिलंय. दमवणारा व्यायामच हवा असं नाही, योगासनं, ताण देणं, चालणंही चालतं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "आमच्या बायांना कशाला व्यायाम? वसमतकडं हळद काढायला जातात, कापूस वेचतात, त्यांचा रोजच व्यायाम." नाही हो. दिवसभर वाकून खणणं आणि ताठ उभं राहून हात वर करणं यात फरक आहे. वरचे प्रयोग आपण होऊन, पोटात दोन घास असताना, नको वाटलं की थांबता येईल अशा व्यायामाचे आहेत. मजुरीत थांबता येत नाही, थांबलं की खाडा.

आणि तिथे दुखणं कोणी विचारलंच नाही तर काय होतं ते परभणीच्या पलीकडे, बीडमध्ये दिसलं. 2019 मध्ये सरकारी समितीसाठी 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सगळ्यांची कारणं एक नव्हती. पण पाळीत पडणारा खाडा आणि त्याचा मुकादमाला द्यावा लागणारा दंड हे कारण त्या बायकांनीच पत्रकारांना सांगितलं.

तर त्या पोरीला आम्ही काय सांगितलं? पळ. अंगात असेल तेवढं, नसेल तर चाल. खरं काम मधल्या सव्वीस दिवसांचं आहे, ते सोडू नकोस. कळ येईल त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घे, मोशरबाईंसारखं पडून श्वास घे. गोळी लागली तर डॉक्टरांना विचारून घे, त्यात कमीपणा नाही, ती गोळी त्या द्रव्यावरच काम करते. वहीत तारखा मांड. आणि दर महिन्याला उभं राहवत नसेल, उलट्या होत असतील, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, तर व्यायामाच्या भरवशावर बसू नकोस, बाईमाणसांच्या डॉक्टरकडे जा. एंडोमेट्रिओसिससारखा आजार धावून बरा होत नाही.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "हे आईला तुम्हीच सांगता का?"

म्हणून आजचं व्याख्यान सकाळी न ठेवता संध्याकाळी ठेवलं, शेतातून बाया परत आल्यावर. आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.