चुंबकांतील भोवरे आणि त्यांचे आयुष्य

लहान मुलाच्या डोक्यावरील केसांचा भोवरा तेलाने बसत नाही आणि फणीने मोडत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. केस दुर्बळ खरे. पण त्यांच्या मांडणीत जी अढी पडलेली असते, ती बळकट असते. पदार्थविज्ञानात गेल्या काही वर्षांत अशाच एका भोवऱ्याचा मोठा बोलबाला झाला आहे. त्यास स्किर्मिऑन म्हणतात. हा भोवरा सहसा मोडत नाही, असे त्याचे स्तुतिपाठक सांगतात. त्या स्तुतीत तथ्य किती, हे त्याच्या इतिहासावरूनच पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

नाव इंग्रज शास्त्रज्ञ टोनी स्किर्म यांचे. परंतु त्यांस लोहचुंबकाशी कर्तव्य नव्हते. अणुगर्भातील कण हे सुटे गोळे नसून एका सर्वव्यापी क्षेत्रात पडलेल्या, न उकलणाऱ्या गाठी असाव्यात, ही कल्पना त्यांनी १९६१-६२ च्या सुमारास गणिताने मांडली. अणू म्हणजे ईथरमधील भोवरे, असे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६७ मध्ये म्हटले होते. त्याच जातीचा हा विचार. स्किर्म १९८७ मध्ये निवर्तले. चुंबकातील आपल्या नावाचे भोवरे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

चुंबकात भोवरा पडतो तो शंखाच्या न्यायाने. डावा शंख कसाही फिरविला तरी उजवा होत नाही. काही स्फटिकांतील अणूंची रचनाही अशीच डावी-उजवी असते. अशा स्फटिकात शेजारच्या दोन चुंबकसूचिका एकमेकींस समांतर राहू पाहतात, आणि त्याच वेळी किंचित वळूही पाहतात. या वळण्याचे कारण रशियातील झ्यालोशिन्स्की यांनी १९५८ मध्ये व जपानी शास्त्रज्ञ मोरिया यांनी १९६० मध्ये उलगडले. दोन ओढींच्या तडजोडीतून सूचिकांचा गोल जिना तयार होतो. मँगॅनीज व सिलिकॉन यांच्या संयुगात तो १९७६ मध्ये आढळला. त्याचा एक फेरा सुमारे १८ नॅनोमीटरांचा.

आता बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावावे. क्षेत्राची इच्छा एकच, की सर्व सूचिकांनी आपल्या दिशेस तोंड करावे. ते सौम्य असता जिना त्याच्या दिशेस वळतो आणि शंकूसारखा मिटू लागतो. प्रबळ असता जिनाच नाहीसा होतो. परंतु शून्याखाली सुमारे २४४ अंशांवर, चुंबकत्व लोपण्याच्या अगदी उंबरठ्यावर, एक-दोन दशांश टेस्लाच्या क्षेत्रात या संयुगाचे वर्तन काही निराळेच होई. त्या कोपऱ्यास ‘ए-अवस्था’ असे नाव देऊन शास्त्रज्ञांनी तो बरीच वर्षे तसाच ठेविला होता. बोग्दानोव व याब्लोन्स्की यांनी १९८९ मध्येच अशा चुंबकांत भोवरे स्थिर राहू शकतील असे गणिताने दाखविले होते. त्याकडे फारसे कोणी वळले नाही.

म्युनिकजवळील गार्खिंग येथे म्यूलबाउअर, फ्लायडरर प्रभृतींनी २००९ मध्ये केले ते ऐकावयास अगदी साधे वाटते. न्यूट्रॉनांचा झोत पूर्वी बहुधा क्षेत्राशी काटकोनात सोडीत. यांनी तो क्षेत्राच्या दिशेनेच सोडला. पडद्यावर षट्कोनाचे सहा ठिपके उमटले. जे बाजूने पाहत होते, ते समोरून पाहताच भोवऱ्यांची जाळी दिसली! प्रत्येक भोवऱ्याच्या मध्यभागी सूचिका क्षेत्राच्या उलट, काठावर क्षेत्रास अनुकूल, आणि मधल्या वाटेत क्रमाने वळत गेलेल्या. क्षेत्र नसते तर ही जाळीच बसली नसती. उष्णतेच्या थरथरीचाही तिला आधार आहे. म्हणूनच तिला तेवढाच चिंचोळा कोपरा मानवतो. पुढच्याच वर्षी टोकुरा यांच्या जपानी मंडळींनी लोह, कोबाल्ट व सिलिकॉन यांच्या पातळ पापुद्र्यात सुमारे ९० नॅनोमीटरांचे भोवरे सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहिले. पापुद्र्यात शंकूची सोय होत नाही, म्हणून तेथे भोवऱ्यांचे राज्य पुष्कळ विस्तृत.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, असेही दिसले की हे भोवरे अतिशय क्षीण विद्युत्प्रवाहानेही सरकतात. इतर चुंबकीय रचनांस लागणाऱ्या प्रवाहाच्या जेमतेम एक लक्षांश. मग काय विचारता! भोवरा असला तर एक, नसला तर शून्य, अशी टिपणवही करण्याची स्वप्ने पडू लागली. टिपणवहीस मात्र अक्षर टिकावे लागते.

येथेच स्तुतीस तडा जातो. क्षेत्र वाढविले तर भोवरा आकसतो आणि अखेर विझतो. कमी केले तर लांबट होतो. आणि २०१३ मध्ये मिल्डे प्रभृतींनी दाखविल्याप्रमाणे शेजारचे दोन भोवरे, चेन ओढावी तसे, एकमेकांत मिसळतात. गाठ कापली जाते ती एकाच बिंदूपाशी, आणि तो बिंदू एकाकी चुंबकध्रुवासारखा वागतो. पुढे २०१७ मध्ये भोवऱ्यांच्या आयुष्याचीच मोजदाद झाली. आयुष्य केवळ ऊर्जेच्या बांधाच्या उंचीवर ठरत नाही. बांध ओलांडण्याच्या वाटा किती, यावरही ठरते. क्षेत्रात अल्पसा बदल केला असता या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब एकावर तीस शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक पटींनी पालटला. तेव्हा ‘गाठीचे संरक्षण’ हा शब्द आम्हांस थोडा उतावळा वाटतो. संरक्षण आहे, पण ते क्षेत्राच्या मर्जीने.

तथापि मर्जी राखण्याच्याही युक्त्या निघाल्या आहेत. कोबाल्ट, जस्त व मँगॅनीज यांच्या मिश्रधातूत क्षेत्र तसेच ठेवून हळूहळू थंडावा दिला, तर भोवरे आपला कोपरा सोडूनही क्षेत्राच्या व उष्णमानाच्या फार मोठ्या पल्ल्यात तग धरतात, असे करुबे प्रभृतींनी २०१६ मध्ये दाखविले. त्या थंडीत त्यांची षट्कोनी जाळी मोडून चौकोनी झाली. भोवरे मात्र राहिले.