बाजरी-ज्वारी खाणाऱ्या गावाचं पोट वेगळं असतं का? वाचा सविस्तर

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. पण सगळ्यांच्या पोटात ते सारखे नसतात. राहतो कुठं आणि ताटात काय असतं, यावर बरंच ठरतं.

आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात बुलपोन नावाचं खेडं आहे. तिथली पोरं बाजरी-ज्वारीचा घट्ट घाटा, चवळी आणि भाजीपाला खातात. म्हणजे धान्य आपलंच, फक्त भाकरी नाही. तिथल्या १४ मुलांच्या शौचाचे नमुने इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातल्या १५ मुलांशी ताडून पाहिले गेले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या मुलांत प्रेव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर निघाले. धान्याचा कोंडा, भाजीचा चोथा आपल्याला पचत नाही. असे जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याचं अस्तर पोसतं. ही आम्लं खेड्यातल्या मुलांत जास्त होती, शिगेलासारखे जुलाब लावणारे जंतू मात्र कमी.

आपल्या देशातही भोपाळ आणि केरळची तुलना झाली आहे. शाकाहार जास्त असलेल्या भोपाळकडं प्रेव्होटेला जास्त, मासे-मांस खाणाऱ्या केरळात कमी.

गाव सोडलं की? थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन बायकांचे जिवाणू काही महिन्यांतच बदलायला लागले, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. तिकडंच जन्मलेल्या मुलींत फरक आणखी मोठा.

शहरातून सुट्टीला आलेल्या पोरांना चवळी-मटकीनं गॅस धरतो, त्यात नवल नाही. एकदम ताटभर वाढू नका, रोज थोडं थोडं वाढवा.