मंगळवार साडेसहा ते बुधवार पावणेसहा

मंगळवार, ३ जून २०२५. संध्याकाळी साडेसहाचा सुमार.
बंगळूरच्या कब्बन पार्क पोलीस ठाण्यात कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचं एक पत्र येतं. आज रात्री अहमदाबादेत आयपीएलच्या अंतिम सामन्यात रॉयल चॅलेंजर्स बंगळूर जिंकलं, तर चिन्नास्वामी स्टेडियमच्या परिसरात विजय मिरवणूक निघू शकते, असं त्यात कळवलेलं असतं. नाणेफेक अजून व्हायची आहे. किती माणसं येतील, व्यवस्था काय असेल, ती कोण सांभाळणार, हे पत्रात नाही. बंगळूर शहरासाठी २००९ चा आदेश आहे: अशा जमावासाठी किमान सात दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात अर्ज. पोलीस परवानगी देत नाहीत. राज्य सरकारने नंतर उच्च न्यायालयात दिलेल्या अहवालात हे सगळं याच क्रमाने नोंदलेलं आहे.

रात्री दहा.
सामना चालू आहे. देशभर लागू असलेल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे या मिनिटापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्रीची शांतता म्हणजे आजाऱ्यांची आणि म्हाताऱ्यांची सोय, असं आपण धरून चालतो. त्या रात्री बंगळुरात तिची सर्वांत जास्त गरज पोलिसांना होती.

रात्री साडेअकराच्या सुमारास.
बंगळूर ९ बाद १९०, पंजाब किंग्ज ७ बाद १८४. सहा धावांनी विजय. अठरावा हंगाम, पहिलं विजेतेपद. दर वर्षी ‘कप या वर्षी आपला’ म्हणत आलेलं शहर रस्त्यावर उतरतं. फटाके, हॉर्न, ढोल, बंद पडलेले चौक. अठरा वर्षांचा आनंद आहे, तो खरा आहे, आणि त्याला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही.

बुधवार, ४ जून. मध्यरात्रीनंतर.
विजयाचा हा उन्माद युरोपातल्या फुटबॉल शहरांना परिचयाचा आहे. तिथल्या बातम्या ताज्याच होत्या. नऊ दिवसांपूर्वी, २६ मे रोजी, लिव्हरपूलच्या विजय मिरवणुकीत एक मोटार गर्दीत घुसली आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. पाच दिवसांनी, ३१ मेच्या रात्री, पॅरिस सेंट जर्मेनने युरोपचा चषक जिंकला. फ्रान्समध्ये जल्लोषाच्या त्या एका रात्रीत दोन मृत्यू झाले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ही बातमी बंगळूरच्या वर्तमानपत्रांत येऊन तीन दिवसही झाले नव्हते.

पहाटे साडेपाच.
रस्ते आता कुठे रिकामे होत आहेत. बंदोबस्तावरचे पोलीस रात्रभर उभे आहेत. विजयाचा कार्यक्रम निदान रविवारपर्यंत पुढे न्यावा, तोवर भावना निवतील, असं पोलिसांनी सुचवल्याचं पुढे छापून आलं. परदेशी खेळाडू एक-दोन दिवसांत परतणार, हे घाईचं कारण सांगितलं गेल्याचंही त्याच बातम्यांत होतं.
अकरा महिन्यांपूर्वीची मुंबई आठवण्यासारखी आहे. ट्वेंटी-२० विश्वचषक २९ जून २०२४ ला जिंकला आणि मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक ४ जुलैला निघाली. मध्ये पाच दिवस होते, पोलीस बंदोबस्त मोठा होता, आणि संध्याकाळ झाल्यावर ‘आता मरीन ड्राइव्हकडे येऊ नका’ असं पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं. तरीही पाचची मिरवणूक साडेसातनंतर हलली, काही जण गुदमरून रुग्णालयात गेले आणि सकाळी पालिकेने रस्त्यावरून चपला-बुटांचे ढीग उचलले. मध्ये पाच दिवस गेल्यावरही ही अवस्था होती. बंगळूरकडे आता अकरा तास उरले आहेत.

सकाळी ७.०१.
संघाच्या खात्यावरून समाजमाध्यमांवर पहिला संदेश जातो. विधानसौधापासून चिन्नास्वामीपर्यंत विजय मिरवणूक, सर्वांना आमंत्रण, प्रवेश मोफत. आदल्या संध्याकाळची नाकारलेली परवानगी अजून नाकारलेलीच आहे.

सकाळी ८.००.
तेच आमंत्रण पुन्हा.

सकाळी ८.५५.
तिसरा संदेश, या वेळी विराट कोहलीच्या चित्रफितीसह: हा विजय आज बंगळूरच्या लोकांसोबत साजरा करायचा आहे. अठरा वर्षं एकाच संघाकडून खेळलेला हा माणूस बोलावतो आहे. बुधवार कामाचा दिवस आहे, पण अनेकांसाठी तो तिथेच संपतो.
सरकारी अहवालाप्रमाणे त्या दिवशीचे चार संदेश मिळून सुमारे ४४ लाख वेळा पाहिले गेले. चिन्नास्वामीत बसायची जागा सुमारे ३५ हजार.

सकाळी ११.५६.
वाहतूक पोलीस जाहीर करतात: मिरवणूक नाही. फक्त स्टेडियममध्ये संध्याकाळी पाच ते सहा सत्कार. सकाळपासून पसरलेल्या आमंत्रणाला मिळालेलं हे पहिलं अधिकृत उत्तर. तोवर पाच तास झाले आहेत, आणि सकाळचं आमंत्रण कुणी मागे घेतलेलं नाही.

दुपार.
खेळाडू एचएएल विमानतळावर उतरतात. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार स्वागताला आहेत. मेट्रोत उभं राहायला जागा नाही. एरवी दिवसाला सहा-सात लाख प्रवासी नेणारी बंगळूरची मेट्रो त्या दिवशी साडेनऊ लाखांच्या वर गेली. पावसाची एक सर येते. कुणी परत फिरत नाही.
चिन्नास्वामी शहराच्या मध्यावर आहे आणि त्याचे दरवाजे थेट फुटपाथवर उघडतात. दरवाजा आणि रस्ता यांच्यामध्ये लोकांना रांगेत थांबवता येईल असं अंगण नाही. सामन्याच्या दिवशी हे निभावतं, कारण प्रत्येकाच्या हातात तिकीट असतं आणि तिकिटावर दरवाज्याचा क्रमांक असतो. आज तिकीट नाही, क्रमांकही नाही.

दुपारी ३.१४.
चौथा संदेश. मिरवणूक संध्याकाळी पाच वाजता. मोफत पास संघाच्या संकेतस्थळावर, आणि ते मर्यादित. पासचा उल्लेख करणारा दिवसातला हा पहिला आणि एकमेव संदेश. मोफत पाससाठीही नोंदणी लागणारच होती, असं क्लबने पुढे न्यायालयात सांगितलं. परंतु हा संदेश आला तेव्हा ज्यांना यायचं होतं ते आलेले होते. सकाळी सातला ‘सर्वांना’ म्हणून बोलावलेली माणसं दरवाज्यापाशी उभी होती आणि मागून आणखी येत होती. मिरवणूक नाही, असं पोलिसांनी दुपारच्या आत सांगितलं होतं. सव्वातीनला संघ सांगत होता की ती आहे.

साडेतीननंतर.
दरवाजे वेळेवर आणि नीट उघडले गेले नाहीत, असा ठपका सरकारी अहवालाने आयोजकांवर ठेवला. काही दरवाजे जमावाने तोडले. एक दार किलकिलं झालं की त्या बाजूला लोंढा वळतो. तो वळला की पुढच्यांना मागे येता येत नाही.
चेंगराचेंगरीत माणसं पायांखाली तुडवली जातात, असा समज आहे. बरेच जण उभ्या उभ्या जातात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की कुणाची पावलं त्याच्या हाती राहत नाहीत. छाती फुगायला जागा उरत नाही आणि श्वास थांबतो. दहा फुटांवरच्या माणसाला हे दिसत नाही. शंभर फुटांवरचा तर आनंदाने ओरडतच पुढे सरकत असतो. पुढून आलेली किंकाळी आणि मागून आलेली आरोळी त्या गोंगाटात सारखीच ऐकू येते, आणि म्हणून मागचे थांबत नाहीत.

दुपारी ३.५०.
पहिल्या मृत्यूची वेळ म्हणून मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी नंतर हीच सांगितली.

साडेचारनंतर.
एक-दीड किलोमीटरवर, विधानसौधाच्या पायऱ्यांवर, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत खेळाडूंचा सत्कार होतो. पगड्या, शाली, हार. समोर लाखाच्या आसपास लोक आहेत. इथे कुणाला काही होत नाही. स्टेडियमच्या बाजूने रुग्णवाहिकांना वाट मिळत नाही. बेशुद्ध मुलांना पोलीस खांद्यावर टाकून पळत नेतात. बोरिंग आणि वैदेही रुग्णालयांत एकेक करून आणलं जातं.

साडेपाचच्या पुढे.
खेळाडू स्टेडियममध्ये येतात. कार्यक्रम रद्द होत नाही, आटोपता घेतला जातो. एकदम रद्द केला तर आतबाहेरची गर्दी बिथरेल, ही भीती त्यामागे होती असं सरकारने सांगितलं. ती खोटी म्हणता येणार नाही. एवढी माणसं बोलावून झाल्यावर त्या घडीला धड पर्याय कुणापाशीच नव्हता. धड पर्याय पहाटे साडेपाचला होता आणि सकाळी ७.०१ पर्यंत होता.

संध्याकाळी ५.४५.
मुख्यमंत्र्यांना पहिल्यांदा कळतं, असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या हिशोबाने पहिला मृत्यू होऊन १ तास ५५ मिनिटं झाली होती.

रात्री.
मृत ११. जखमी पन्नासहून अधिक. मृतांतले बहुतेक तरुण. त्यांत एक शाळकरी मुलगी. स्टेडियमपाशी दोन ते तीन लाख लोक आले होते, असं मुख्यमंत्री पत्रकारांना सांगतात.

गुरुवार, ५ जून.
उच्च न्यायालय स्वतःहून दखल घेतं. पोलीस आयुक्त बी. दयानंद यांच्यासह अधिकारी निलंबित होतात. पुढे १ जुलैला केंद्रीय प्रशासकीय लवादाने एका अधिकाऱ्याचं निलंबन रद्द केलं. गर्दी जमण्याची जबाबदारी लवादाने प्रथमदर्शनी क्लबवर टाकली, आणि बारा तासांत सगळी व्यवस्था करायला पोलीस जादूगार नाहीत, या अर्थाचं मत नोंदवलं. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. जॉन मायकेल डिकुन्हा आयोगाने चिन्नास्वामीची रचनाच प्रचंड गर्दीसाठी असुरक्षित ठरवली. महिला विश्वचषकाचे तिथले सामने ऑगस्टमध्ये नवी मुंबईला हलवले गेले.

जून २०२५.
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ विजयोत्सवासाठी नियम करतं. पोलीस, जिल्हा प्रशासन आणि राज्य सरकार यांची लेखी परवानगी. विमानतळापासून कार्यक्रमाच्या जागेपर्यंत सुरक्षेचे अनेक पदर. आणि विजेतेपद मिळाल्यापासून तीन-चार दिवस कुठलाही उत्सव नाही.