जाळे आणि दाखला

३० मार्च १९२३. तो शुभ शुक्रवारचा दिवस होता. अमेरिकेत बांधकाम चालू असलेली एक इमारत कोसळली आणि एक इटालियन गवंडी तिच्याखाली गाडला गेला. त्याचा थोरला मुलगा पिएत्रो दी दोनातो त्या वेळी पुरता बारा वर्षांचाही नव्हता. आठ भावंडांच्या पोटासाठी त्याने बापाची थापी हाती घेतली. पुढे १९३९ साली त्याने याच दुःखावर ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ ही कादंबरी लिहिली.

त्या काळी बांधकामावर दहा लाख डॉलर खर्च झाले की एक मजूर जायचाच, असा ठोकताळा होता. माणसाच्या मरणाचा असा आगाऊ हिशेब मांडलेला पाहून आम्ही आजही अस्वस्थ होतो. हा हिशेब खोटा ठरविण्याचा प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर झाला. १९३३ साली काम सुरू झाले. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी शिरस्त्राण सक्तीचे केले आणि पुलाखाली भले मोठे जाळे बांधविले. त्या जाळ्याने एकोणीस जणांना वाचविले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी सुमारे पाच टनांची परांची तुटून जाळ्यावर पडली. जाळे फाटले आणि दहा जण मृत्युमुखी पडले.

जाळे माणसाला झेलण्यासाठी होते, परांचीला नव्हे. जाळे हा शेवटचा आसरा. परांची पक्की आहे की नाही हे ओळखण्याची जाण त्याच्या आधी लागते, आणि ती शिकवावी लागते. अमेरिकेत १९७० साली कामगारांच्या सुरक्षेचा कायदा झाला. पुढे बांधकाम कामगारांसाठी दहा व तीस तासांचे वर्ग रूढ झाले. न्यूयॉर्क शहराने २०१७ साली कायदा करून मोठ्या बांधकामांवरील कामगारांना चाळीस, तर देखरेख करणाऱ्यांना बासष्ट तासांचे शिक्षण बंधनकारक केले. शिक्षण पुरे झाल्याचा दाखला खिशात असल्याशिवाय कामावर प्रवेश नाही, असा नियम झाला.

पण दाखला म्हणजे शिक्षण नव्हे. वर्ग न घेताच हजारो जणांना असे दाखले विकल्याचा आरोप २०२४ साली न्यूयॉर्कमधील एका प्रशिक्षण संस्थेवर ठेवण्यात आला. पंधराव्या मजल्यावरून पडून मरण पावलेल्या एका कामगाराच्या नावेही असेच कागद तयार केले होते, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते. १९३७ साली जाळे फाटले ते सर्वांना दिसले. कागदाचे जाळे मात्र फाटलेलेही दिसत नाही.

आपल्याकडेही १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. आज आपल्या गावांभोवती मजल्यांवर मजले चढत आहेत. परांचीवर उभा असलेला तो परप्रांतीय तरुणही कोणाचा तरी बाप आहे. त्याला कोणी काही शिकविले आहे काय, एवढे तरी घर घेताना आपण विचारू या.